उचलून बघा

परभणीत स्टेशनकडच्या बाजाराच्या रस्त्याला आमचं दुकान आहे आणि दुकानाच्या शटरवर बाबांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली ओळ आहे : 'उचलून बघा, मग बोला.' ही ओळ लहानपणापासून एवढ्या वेळा वाचली होती की ती मला दिसायचीच बंद झाली होती. मग साथ आली, लग्नं बंद, सप्ते बंद, जत्रा बंद. रिकाम्या दुकानात येरझाऱ्या घालताना ती ओळ मला पुन्हा दिसायला लागली. नुसती दिसायला नाही, डोक्यात जायला लागली.

आमचा धंदा मशिनींचा. भोंग्याला आणि स्पीकरला आवाज पुरवणारा जो लोखंडी डबा असतो, शहरातले लोक ज्याला ॲम्प्लिफायर म्हणतात, त्याला आमच्याकडं मशीनच म्हणतात. देवळात एक, विहारात एक, मशिदीत एक, शाळेत एक. बाबा मशिनी बनवायचे आणि बाबा गेल्यापासून अक्का बनवते. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. सासरी पटलं नाही म्हणून परत आली आणि आल्या दिवशी बाबांच्या शेजारच्या स्टुलावर बसली, ती अजून उठलेली नाही. हातात कला तिच्या. मी विकतो, म्हणजे बोलतो. "पोरीला हात दिले आन् पोराला जीभ," असं बाबा चारचौघांत म्हणायचे. लोक हसायचे, मीही हसायचो, पण मला ते टोचायचं.

ती ओळ आली कुठून, ते आधी सांगतो. बाबांच्या काळात मशिनीचा जीव ट्रान्सफॉर्मरमध्ये असायचा. लोखंडी पट्ट्यांवर तांब्याची तार गुंडाळलेला ठोकळा. तांबं भरपूर, लोखंड चांगलं, तर मशीन जड आणि आवाज भरीव. लबाड लोक तार कमी गुंडाळायचे. मग मशीन हलकी व्हायची आणि दोन तासांत तापून बसायची. म्हणून बाजाराच्या दिवशी बाबा दुकानाच्या पायरीवर उभं राहून ओरडायचे, "आवाज काय, घटकाभर कुणीबी काढून दाखवीन. उचलून बघा!" आणि लोक उचलायचे. बाजारात कोहळा पारखतात तसं, एका हातात आमची, दुसऱ्या हातात दुसऱ्याची. सगळी हयात बाबांनी जिंतूरपासून गंगाखेडपर्यंतच्या लोकांचे हात असे शिकवून ठेवले. आमची जाहिरात म्हणाल तर एवढीच. ती खरी होती म्हणून चालली.

आणि अक्कानं बनवली हलकी मशीन.

तिला काही खूळ लागलं नव्हतं. तांबं एवढं महागलं की हात लावू देईना, आणि साथीच्या काळात मी येरझाऱ्या घालत होतो तेव्हा ती मोबाइलवर व्हिडिओ बघून नव्या तऱ्हेचा बोर्ड शिकत होती. जड ठोकळ्याच्या जागी तळहाताएवढा बोर्ड. खेड्यात विहिरीवरच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं, जुनी मशीन घुम्म करायला लागते आणि महाराजांचा आवाज रांजणातून आल्यासारखा येतो. अक्काच्या मशिनीत व्होल्टेज पडलं तरी आवाज पडत नव्हता. घुम्म तर बिलकुल नाही. पहिल्यांदा लावून दाखवली तेव्हा टाळ वेगळा, मृदंग वेगळा, मागं कुणी खोकलं तेही वेगळं ऐकू आलं. अंगावर काटा आला माझ्या. मी म्हणालो, "अक्का, आता बघ, रांग लागती दुकानाला!"

रांग कसली लागते! पहिलं गिऱ्हाईक आलं, मुठीला हात घालून जोर लावला, तर मशीन एकदम छातीपर्यंत वर. माणूस मागं कोलमडायचा राहिला. त्यानं ती खाली ठेवली आणि रिकामा डबा गळ्यात मारायला निघालेल्या माणसाकडं बघावं तसं माझ्याकडं बघितलं.

"आत काही हाय का न्हाई?"

"ऐकून तर बघा."

"ऐकायचं काय त्यात? तुमच्याच बापानं लिहून ठिवलंय की, उचलून बघा."

आपलेच दात, आपलेच ओठ. शिव्या तरी कुणाला द्यायच्या?

आणखी एक भानगड होती. अक्का प्रत्येक मशिनीच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं, बारक्या ब्रशनं लिहिते : 'साठ वॅट. खरे.' ही पण बाबांचीच रीत. आता समोरच्या ओळीत बाहेरून तयार माल आणून विकणारं दुकान झालंय. तिथं पिंपाएवढ्या स्पीकरला लाल-निळे दिवे आणि वर चमकता आकडा, पाच हजार वॅट. पाच हजार! एवढ्यात आख्ख्या गल्लीचे पंखे फिरतील. नाव मोठं, लक्षण खोटं. पण लोक हसायचे आम्हाला. एक चिमुरडी आमचा आकडा वाचून बापाला म्हणाली, "पप्पा, आपल्या संडासातला बल्बबी साठचाच हाय की." मला हसावं का रडावं कळेना.

मी अक्काला म्हणालो, "अगं, सहाशे तर लिही. एक शून्य तर वाढवायचंय."

"शून्य तुझ्या डोक्यात लय हायत," ती मान वर न करता म्हणाली, "तितलेच वापर."

अशी ती. हातच्या काकणाला आरसा कशाला, हे तिचं पालुपद. आणि बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, हे माझं. दिवसभर आमचं हेच चालायचं, आणि मांडणीवरच्या सहा मशिनी जागच्या हलायच्या नाहीत.

मी काय काय नाही केलं! ऑटोवर भोंगा बांधून गावभर फिरलो. मशीन आमची, आवाज माझा. जिंतूर रोडला एक जण हात करून थांबवायला लागला, मला वाटलं गिऱ्हाईक, तर म्हणतो, "आरं, माय आजारी हाय घरात, कमी कर ते." रील करायला लागलो. रोज एक. चांगल्या मशिनीचा आवाज, भंगार मशिनीचा आवाज, फरक ऐका मित्रांनो! मित्र काय ऐकणार, कप्पाळ? मोबाइलच्या शेंगदाण्याएवढ्या स्पीकरमधून सोनं आणि पितळ एकच ऐकू येतं. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात महिनाभरानं शिरली. मग मी आकाशकंदिलासारखे दिवे आणले, मशिनीला लावायला. अक्कानं ते काढून देव्हाऱ्याला लावले.

गणपती गेले, नवरात्र बसलं. एक दिवस अक्का शांतपणे म्हणाली, "दिवाळीपतोर ह्या सहा गेल्या न्हाई तर मी शटर ओढती. पलीकडच्या बाईंकडं ब्लाउज शिवायला जाईन. त्याबी बोलवायल्यात." हसतच म्हणाली. पण संध्याकाळी तिनं बाबांची पक्कड तेलानं पुसली, कागदात गुंडाळली आणि वरच्या फळीवर ठेवली. सासर सुटून आली तेव्हा ती सहा महिने कुणाशी बोलत नव्हती. त्या पक्कडीनंच तिला माणसात आणलं होतं. त्या स्टुलावरून ती उठली तर पुढं काय, हा विचारसुद्धा मला करवेना. धंद्याचं मला काय, मी कुठंही बोलून पोट भरेन.

दसऱ्यानंतरची गोष्ट. दुपारी अक्का जेवायला घरी गेली होती. दुकानामागं मोरीच्या कामातून उरलेली एक शहाबादी फरशी पडली होती. तिच्यावर बसून मी चहा प्यालो, उठताना ती जरा बाजूला सरकवली आणि तिचं वजन हाताला लागलं. झालं! कटरनं वीतभर तुकडा कापला. मशीन समोर घेतली.

उघडायला एक अडचण होती. मशीन तपासून बंद केली की अक्का वरच्या स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावते. ठिपका शाबूत म्हणजे आत कुणाचा हात गेला नाही, मग दुरुस्ती फुकट. स्वतःच्या नखाला तिनं कधी रंग लावला नाही, पण तिच्या खणात ती बाटली कायम, आणि खणाला कुलूप. मग मी कटलरीच्या दुकानात गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "कुणासाठी घ्यायलाव?" मी म्हणालो, "मशिनीसाठी." त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मी लाल बघूनच घेतली होती.

फरशी तळाला चिकट मसाल्यानं बसवली. स्क्रू मारले असते तर खालून दिसले असते. झाकण लावलं, ठिपका लावला, हात धुतले. अक्का जेवून आली तेव्हा मी रील बघत बसलो होतो.

त्याच दिवशी, उन्हं कलल्यावर, बोरीच्या भजनी मंडळाचे अध्यक्ष आले. साठीचा माणूस, मृदंग वाजवणारा. बोटं सारखी कशावर तरी वाजत असतात, काउंटरवर नाहीतर स्वतःच्या गुडघ्यावर. ह्याआधी दोनदा येऊन मशीन ऐकून गेले होते. दोनदा मान डोलावली, दोनदा उचलली आणि दोनदा "बघू" म्हणून गेले. मी म्हणालो, "अध्यक्ष, हा नवा नग हाय. उचलून बघा."

उचलली. चेहरा खुलला. "हां! आत्ता कसं! ह्याला म्हणावं माल."

अक्का पाठमोरी बसून तार सोलत होती. अध्यक्ष मशीन बांधून घेऊन गेल्यावर ती माझ्याकडं वळली. किती दिवसांनी तिचा चेहरा असा बघितला. म्हणाली, "बघ, मी म्हणत नव्हते का? कान असणाऱ्याला कळतंयच." आणि स्टुलावर चढून तिनं पक्कड कागदातून बाहेर काढली.

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलं पण होतं मी. पण तिच्या हातात ती पक्कड होती, मी काय बोलणार? उरलेल्या पाच मशिनींतही फरशी घातली. दिवाळीच्या आत पाचही गेल्या. अक्कानं नव्या सहाचं सामान मागवलं, मला नवा शर्ट घेतला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. दुकानासमोर कुणी गाडी उभी केली तरी मी दचकायचो. "तुला काय झालंय रे?" अक्का विचारायची, "धंदा चालला तरी तुझा पाय एका जागी ठरंना."

मार्गशीर्षात बोरीला सप्ता होता. तो संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी अध्यक्ष दारात. मोटरसायकलला मागं पोत्यात गुंडाळलेली मशीन. राम राम नाही, काही नाही. मशीन काउंटरवर आदळली.

"काल्याच्या कीर्तनाला आवाज गेला. भर मंडप, पंचक्रोशी जमलेली, महाराज बोलायलेत आन् तिसऱ्या रांगेच्या मागं कुणाला अक्षर ऐकू येईना. शेजारच्या गावचा भोंगा आणस्तोर लोकं पंगतीला उठली. मी मृदंग गळ्यात घेऊन उभा. लय नामुष्की झाली, ताई!"

"माझी मशीन अशी बसायची न्हाई, काका," अक्का म्हणाली. पक्कं म्हणाली.

तिनं स्क्रूड्रायव्हर घेतला आणि तिचा हात ठिपक्यावर थांबला. तिचा रंग वाळल्या मिरचीचा. माझा जरासा गुलाबी. मला तो फरक आत्ता, तिच्या बोटाच्या शेजारी दिसला. तिनं चष्म्याच्या वरून माझ्याकडं एकदा बघितलं. एकदाच.

"हा ठिपका माझा न्हाई," ती म्हणाली.

झाकण निघालं. रस्त्याच्या खड्ड्यांनी मसाला सुटला होता. फरशीचे दोन तुकडे झाले होते आणि त्यातला एक बोर्डावर आदळून स्पीकरकडं जाणारी तार तोडून बसला होता.

"हे काय हाय?" अध्यक्ष वाकून बघायला लागले.

माझी जीभ टाळूला चिकटली. एरवी सगळ्या बाजाराला पुरून उरणारी जीभ!

"फरशी," अक्का म्हणाली.

"मशिनीत फरशीचं काय काम?"

"वजनाचं."

"कुणी घातली?"

"दुकान माझं हाय, काका. पाठीवर अक्षर माझं हाय. मलाच बोला."

तिनं मला तिथंच थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. "मी घातली," मी म्हणालो, "तिला ह्यातलं काहीच ठाऊक न्हाई." अक्कानं ऐकलं का नाही, कळलं नाही. ती तार जोडत होती.

तार जोडली, फरशीचे तुकडे बाजूला ठेवले, मशीन लावली. अध्यक्षांनी डोळे मिटले. रागानं आलेला माणूस, पण बोटं काउंटरवर ठेका धरायला लागली. बराच वेळ ऐकलं त्यांनी. मग डोळे उघडून मशीन उचलली, एका हातात झुलवली आणि सुस्कारा सोडून खाली ठेवली.

"ताई, खरं सांगू का? आवाजाला तोड न्हाई. ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मला काय कान न्हाईत व्हय? पर ही गावाच्या वर्गणीची मशीन हाय. देवळात ठिवली की जो येतो तो आधी उचलून बघतो. हे हलकं डबडं नेलं तर म्हणतील, अध्यक्षानं मधीच हात मारला." थोडं थांबून म्हणाले, "दगड परत घाला. ह्या बारीला नीट घाला, म्हंजे झालं."

शटर वर गुंडाळलेलं होतं, बाबांची ओळ दिसत नव्हती, पण तिघांच्याही डोळ्यांपुढं तीच असणार.

अक्का उठली. मागं जाऊन उरलेल्या फरशीचा नवा तुकडा स्वतः कापून आणला, कडा घासल्या, चार भोकं पाडली, खाली रबराच्या चकत्या ठेवल्या आणि चार बाजूंनी पक्के स्क्रू आवळले. दगड एवढ्या निगुतीनं बसवताना मी कुणाला बघितलं नाही. मग पांढरा रंग आणि बारका ब्रश घेतला.

"पाठीवर नका लिव्हू, ताई," अध्यक्ष घाईनं म्हणाले, "लोकं वाचतील."

तिनं मशीन उलटी केली आणि तळाला लिहिलं : 'आत अडीच किलो फरशी. खरी.'

"उचलून बघणाऱ्याला तर दिसू द्या," ती म्हणाली.

अध्यक्ष खो खो हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले त्यांनी. अक्का हसली नाही. ते गेल्यावर माझ्यापुढं कागद सरकवून म्हणाली, "उरलेल्या पाच कुठं कुठं गेल्यात, लिही. तूच जा. तुझ्या तोंडानं सांग."

गेलो. एसटीनं, पिशवीत ड्रिल, स्क्रू आणि पांढऱ्या रंगाची बाटली घेऊन. पाच गावं, पाच वेळा मशीन उघडून, "ही फरशी मी घातली," असं म्हणायचं. गंगाखेडच्या माणसानं ऐकून घेतलं आणि मशीनच परत दिली, वर जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. तिघं म्हणाले, "असू द्या, नीट आवळून द्या." आणि एका शाळेच्या गुरुजींनी फरशी काढायला लावली, मशीन पुन्हा लावून बघितली आणि म्हणाले, "आरं, आवाज तर तितकाच हाय की!" अख्ख्या वर्षात मी जे गळा फोडून सांगत होतो, ते त्या माणसाला एका मिनिटात कळलं. गुरुजींच्या आईनं ती फरशी धुणं धुवायला नेली.

आता सगळीकडं झालंय, दगडाची मशीन कुठं मिळती, तर स्टेशनकडच्या बहीणभावाकडं. बाजाराच्या दिवशी लोक मुद्दाम येतात, आधी थट्टा करतात, "ताई, किती किलोवाली द्यायलाव?" अक्का झाकण काढूनच मशीन पुढं ठेवते. आधी लावते, मग आत दाखवते, मग म्हणते, आता उचला. कुणी घेतं, कुणी हसून जातं. फरशी मात्र ती आता कुणालाच घालून देत नाही. पुढच्या सहातल्या चार गेल्यात. ब्लाउज शिवायला ती गेली नाही, पक्कड खिळ्याला लटकलेली आहे. धंदा असा कुथत कुथत चालतो आणि मी अजून येरझाऱ्या घालतो.

पण अक्का आता स्क्रूला ठिपका लावत नाही. एकाही मशिनीला नाही. खणाचं कुलूपही तिनं काढून टाकलं. मी बरेच दिवस बघून न बघितल्यासारखं केलं. परवा एक मशीन बांधताना राहवलं नाही. खणातून तिची बाटली काढून, झाकण फिरवून मी विचारलं, "अक्का, सील लावू का?"

"राहू दे," ती म्हणाली. "सील कुणासाठी लावायचं? बाहेरचे विचारून उघडतात."

मी झाकण लावलं आणि बाटली खणात ठेवली.